बोटीवरची चार बंद पाकिटं

आई, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवलंय. त्यावर नारळाएवढा एक पितळी पंप, एक स्क्रूड्रायव्हर आणि पंपाच्या सुट्या भागांची चार पाकिटं. काल संध्याकाळी याच ओट्याशी उभी राहून मी एक शब्द बोलले आणि तेव्हापासून मला माझ्याच तोंडाची किळस आलीय. तुझ्या जावयानं विचारलं, "स्पेअरचे इम्पेलर बसतात ना गं?" मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हणाले, "बसतात." पाकिटं तेव्हा बंद होती. आत्ता, सकाळचे साडेदहा वाजलेत, अजून बंदच आहेत. तो दातांच्या डॉक्टरकडे गेलाय, कारण समुद्रात दाढ दुखली तर उपटायला कुणी नसतं. दाढेची एवढी काळजी घेणारा माणूस आणि पाकिटांच्या बाबतीत मात्र माझ्या एका शब्दावर विसंबून आहे. तू गेल्याला एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहावंसं कधी वाटलं नाही, आज वाटतंय, कारण या घाणेरड्या सवयीचं मूळ ज्या एका माणसाला ओळखता आलं असतं ती तू होतीस.

तुला बोटीचं काही माहीत नाही. तू होतीस तेव्हा आमच्याकडे एक स्कूटर होती आणि तीही ढकलून सुरू व्हायची. नंतर याला पन्नाशीत गंगापूर धरणावर शिडाची होडी चालवायचं वेड लागलं. आधी मला वाटलं, बरंय, पोट कमी होईल. पण वेड धरणात मावलं नाही. नोकरी सोडली आणि कोचीला एक जुनी शिडाची बोट घेतली, आपल्या स्वयंपाकघराच्या दुप्पट लांबीची, आत झोपायला फळ्या, एक शेगडी, आणि एक संडास ज्याच्याबद्दल मी तुला काहीही सांगणार नाही. तीच घेऊन मालदीव, तिथून सेशेल्स, पुढचं पुढे, असा बेत. समुद्रात दोन-दोन आठवडे जमीन नाही. दुकान नाही, मेकॅनिक नाही. जे मोडेल त्याचा सुटा भाग बोटीवरच असला पाहिजे. आणि हे सुटे भाग जमवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं खरेदी खात्यात काढलेली मी, शिवाय स्टोअरकीपरची मुलगी. यापेक्षा लायक माणूस कुठून आणायचा?

मी काय डबे भरले होते, आई. फिल्टर, पट्टे, गास्केटं, पाण्याच्या नळ्या आणि त्या आवळायच्या कड्या, फ्यूज, दिवे, शिडं शिवायच्या सुया, मेणाचा दोरा, त्या संडासाचे रबरी पडदे. सगळं सीलबंद, सगळं नवं कोरं. डब्यांना नंबर, नंबरांची यादी, यादी लॅमिनेट केलेली. डब्यांचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली वीस-पंचवीस जणांनी हात जोडले आणि टाळ्या वाजवल्या. कुणीतरी लिहिलं, आईच्या वळणावर गेलीस. ते वाचून मला भरून आलं होतं. आज तो फोटो बघवत नाही. त्यात एकही वस्तू तुझ्या वळणाची नव्हती, फक्त डबे होते.

तुझं स्टोअर मला आठवतं ते वासानं. शेडच्या कोपऱ्यातली जाळीची खोली, आत ग्रीसचा, ओल्या गोणपाटाचा आणि तुझ्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास. साडीवर निळा कोट घालून तू रजिस्टरपाशी उभी. पंपांचा कारखाना, आणि तुझा तो एक नियम, ज्यापायी सगळे फिटर वैतागायचे. नवा भाग आला की तो आधी मशीनवर चढायचा. तासभर चालला की तोच मशीनवर राहायचा, आणि उतरवलेला, चालू स्थितीतला जुना भाग पुसून, तेल लावून रॅकवर जायचा. म्हणजे तुझ्या रॅकवर कधी नवं काही दिसायचंच नाही. सगळं काळपट, वापरलेलं. पण त्यातलं काहीही उचला, ते बसणार आणि चालणार. पॉलिटेक्निकच्या सुट्टीत मी तिथे येऊन बसायचे तेव्हा मला त्या रॅकची लाज वाटायची. एकदा तू साहेबांकडे गेली होतीस तेवढ्यात नव्या सीलचं एक खोकं आलं. मी ते फोडलं नाही, नंबर पाहून पाकिटं रॅकवर एका ओळीत लावून ठेवली. वाटलं, खूश होशील.

तू आलीस, ओळ पाहिलीस. "बसवून पाह्यलं?"

"नंबर तोच आहे ना."

"नंबर फिरवतो काय मशीन?" आजूबाजूला तीन-चार फिटर उभे होते, त्यांच्यादेखत तू म्हणालीस, "जे बसवून पाह्यलं नाय ते आपल्याकडं हाय असं म्हणायचं नाय. खाली घे सगळं." मी सगळं खाली घेतलं. फिटर हसत होते. बसमध्ये मी तुझ्याशी बोलले नाही. माझ्या मनात एकच होतं, की इंजिनिअर मी होणार आहे आणि ही बाई सातवी शिकलेली आहे. हे आज लिहिताना हात आखडतोय, पण होतं ते असंच होतं.

घरीही तुझं तेच. कुकरची नवी रिंग आणलीस की ती कुकरला लागायची आणि जुनी, अजून शिट्टी धरणारी, धुऊन शेगडीमागच्या खिळ्यावर अडकायची. तिला डाळीचा वास असायचा, तो कितीही धुतला तरी जायचा नाही. मैत्रिणी घरी आल्या की मी आधी ती रिंग लपवायचे. आणि लग्नात तू मला काय दिलंस, तर कुकर. सासरी सगळ्यांसमोर नणंदेनं तो खोक्यातून काढला, झाकण उघडलं आणि आत बघतच राहिली. नव्या कुकरला आतून पेजेची पांढरी कड होती. तू देण्याआधी त्यात भात लावून पाहिला होतास. वर कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली एक वापरलेली रिंग, तीही त्याच कुकरवर चढवून पाहिलेली. नणंद म्हणाली, "वहिनी, सेकंडहँड दिला की काय?" सगळे हसले, मीही हसले. सगळ्यांत जोरात मी हसले बहुतेक. दुसऱ्या दिवशी तुझी रिंग कचऱ्यात टाकली. तिचा वास हाताला राहिला म्हणून दोनदा साबण लावला.

आता समुद्राचं ऐक. बोटीच्या इंजिनाला थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागतं. ते ओढायचं काम करतो हा पितळी पंप, आणि पंपाच्या पोटात असतो इम्पेलर, तळव्यात मावेल एवढा रबरी पंखा. तो तुटला की पाणी बंद, इंजिन तापतं, थांबवावं लागतं. म्हणून तो सगळ्यांत आधी घ्यायचा आणि सगळ्यांत जास्त घ्यायचा. तुझ्या स्टोअरला जिथून माल यायचा, अंबडच्या त्याच दुकानात मी फोन केला. दुकानदार तुला आठवेल. तुझ्या वेळी तो नुकता धंद्यात आला होता, तुला मावशी म्हणायचा, आणि तू त्याला माल बसेपर्यंत स्टोअरबाहेर उभं ठेवायचीस. आता त्याचे केस पिकलेत. मी त्याला इंजिनाच्या पुस्तकातून नंबर पाठवला. तो म्हणाला, "ताई, पंप घेऊन या ना एकदा. बसवून देतो. मावशी असत्या तर बसवल्याबिगर नेलंच नसतं त्यांनी."

"पंप कोचीला आहे हो," मी म्हणाले. "नंबर दिलाय ना मी? तेवढं पाठवा."

कोचीला पोचल्यावर पंप समोर होता. सहा स्क्रू काढायचे, जुना पंखा ओढायचा, नवा बसवायचा, अर्ध्या तासाचं काम. त्याच्याखाली इंजिनाचं तेल आणि सडकं पाणी साचलेलं होतं, आत वाकलं की ढवळून यायचं. मी वाकले नाही. तुझ्या जावयानं तेव्हाही विचारलं होतं, "बसतात ना?" आणि मी म्हणाले होते, "बसतात."

मालदीवच्या एका बेटाजवळ, सकाळी नऊच्या सुमाराला वारा पडला. शिडं ओल्या चादरीसारखी लोंबायला लागली. पाण्याला ओढ होती, आणि ती ओढ आम्हाला प्रवाळाच्या कड्याकडे नेत होती. पांढरा फेस साध्या डोळ्यांना दिसत होता. काळजी नव्हती, इंजिन होतं. इंजिन सुरू केलं, दहा मिनिटांत ते तापून किंचाळायला लागलं. त्यानं पंप उघडला, आतल्या पंख्याची पाती तुटून पडलेली. त्यानं हात पुढे केला. मी डबा क्रमांक एक उघडला, यादीत बोट ठेवलं आणि मोठ्या ऐटीत पहिलं पाकीट फोडून दिलं. पंखा बसेना. आमच्या पंपाच्या दांड्याला चावीची एकच खाच होती आणि या पंख्याला आतून दाते. दुसरं पाकीट, दाते. तिसरं, चौथं, दाते. चारही नवे कोरे, चारही दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आई, कडा समोर होता, माणूस घामानं निथळत होता आणि माझ्या तोंडातून सगळ्यांत आधी काय निघालं? "दुकानदारानं चुकीचे दिले." एवढी चपळाई मी जन्मात दुसऱ्या कशात दाखवली नसेल.

मग त्यानं छोटी रबरी होडी बोटीच्या कुशीला बांधली आणि तिच्या चिमुकल्या मोटरीनं ती एवढी मोठी बोट ढकलत राहिला. तीन तास, उन्हात, पेट्रोलच्या धुरात ओकत. मी सुकाणू धरून होते. एकदा लाट आली, दोर ताणला आणि दोर अन् खुंट्याच्या मध्ये सापडून त्याच्या डाव्या करंगळीचं टोक गेलं. तो तसाच उजव्या हातानं मोटर धरून बसला. दुपारी तिथल्या मासेमारांच्या होडीनं आम्हाला ओढून नेलं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मी फोनवर इंजिनाचं पुस्तक उघडलं. मी पाठवलेला नंबर आमच्या इंजिनाच्या ओळीखालच्या ओळीतला होता. मी एक ओळ खाली वाचलं होतं. दुकानदारानं जे मागितलं तेच दिलं होतं.

हे मी तिथे सांगायला हवं होतं. करंगळीला पट्टी बांधून तो बाहेर आला तेव्हा तरी. मी म्हणाले, "चहा घेतोस?"

नाशिकला परतल्यावर त्यानं इथूनच, या स्वयंपाकघरातून दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर. काय काय बोलला ते मी लिहीत नाही. माणूस तोडून बोलतो तसं. पलीकडून एकदाच आवाज आला, "साहेब, ताईंनी जो नंबर पाठवला व्हता..." आणि तो मध्येच थांबला. मग म्हणाला, "जाऊ द्या. माझंच चुकलं असंल. बोटाला बरं वाटू द्या." माझा मेसेज त्याच्या फोनमध्ये होता, आई. नंबरासकट. त्याला फक्त तो दाखवायचा होता. त्यानं दाखवला नाही, माझ्यासाठी नसणार, तुझ्यासाठी असेल. आणि मी कांदा चिरत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्याचं होतं. त्यानंतर आठ महिने मी त्या रस्त्यानं गेले नाही. अंबडला जायचं झालं तर लांबच्या वळणानं गाडी घेते. हे चार नवे इम्पेलर मी ऑनलाइन मागवले, कारण दुकानात तोंड दाखवायचं नव्हतं. बोट तिकडे बेटावर पावसाळाभर ओढून ठेवलीय. पंप दुरुस्तीला म्हणून आम्ही सोबत आणला होता. येत्या सोमवारी तुझा जावई आणि त्याचा कॉलेजचा मित्र पंप, डबे, सगळं घेऊन निघणार, आणि तिथून सेशेल्स. या वेळी मी नाही. माझा गुडघा धरतो. मी फक्त डबे भरायचे.

तर हा पंप समोर आहे. ही पाकिटं समोर आहेत. या वेळी कोचीचं कारण नाही, सडक्या पाण्याचं कारण नाही, उजेड आहे, वेळ आहे. तरी काल मी न उघडता म्हणाले, बसतात. का, ते मला माहीत आहे. नाही बसले तर पुन्हा माझ्यावर येईल, म्हणून मला बघायचंच नव्हतं. त्याचा जीव गेला तरी चालेल पण माझी चूक निघता कामा नये, याचा अर्थ एवढाच होतो, कितीही फिरवून लिहिलं तरी.

इथे मी लिहिणं थांबवून उठले. आता पुन्हा बसलेय, मध्ये दीड तास गेला.

सहा स्क्रू काढले. रबराला भांड्यांचा साबण लावला, तू लावायचीस तसा, आणि पहिला पंखा पिळून आत ढकलला. बसला. हातानं दांडा फिरवला, फिरला. काढला. दुसरा बसला. तिसरा बसला. चौथा जरा घट्ट होता, पण बसला. आणि चारही बसल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? सुटले. कालचं खोटं आपोआप खरं झालं. पाकिटं परत चिकटवून टाकली की कुणाला कधी कळणार नाही. मी खरंच टेप शोधायला ड्रॉवर उघडला, आई. छप्पन्नाव्या वर्षी, हाताला साबण, ड्रॉवरमध्ये टेप शोधतेय. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती. तेवढ्यात दार वाजलं.

तो आत आला, गाल बधिर झालेला, तिरकं बोलत. ओट्यावरची फाडलेली पाकिटं पाहिली. "अगं, काल म्हणालीस ना बसतात?"

"काल फोडली नव्हती."

त्यानं एक फाडलेलं पाकीट उचललं. "आणि मागच्या वेळी?"

"तेव्हाही नव्हती. आणि नंबर मीच चुकीचा दिला होता. दुकानदाराचा काही दोष नव्हता."

मला वाटलं, तो बोटाबद्दल बोलेल. पण तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मी त्या माणसाला फोनवर काय काय बोललो ते तू ऐकत होतीस."

"हो."

"इथंच उभी होतीस."

"हो. कांदा चिरत होते."

"आणि डब्यांतलं बाकीचं? फिल्टर, पट्टे, ते सगळं?"

"त्यातलं काहीच बसवून पाहिलेलं नाही," मी म्हणाले. हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मला तुझी जाळीची खोली आठवली, पण तेव्हासारखी लाज नाही वाटली, नुसतं थकल्यासारखं झालं.

त्यानं मित्राला फोन करून सेशेल्स पुढे ढकललं. मला म्हणाला, "तूही यायचं. गुडघ्याला पट्टा बांध. बोटीवर बसून एकेक वस्तू लावायची. नवं इंजिनावर, उतरवलेलं डब्यात. तुझी आई करायची तसं." त्याला तुझा नियम माहीत होता, हे मला माहीत नव्हतं. तूच कधीतरी सांगितला असशील त्याला. मग त्यानं गाडीची किल्ली घेतली. मी विचारलं, "मी येऊ?" तो म्हणाला, "नको. आधी मी माफी मागतो. तुझी तू नंतर जाऊन माग, तुला जमलं तर." अजून तो आलेला नाही. अंबड एवढं लांब नाही.

तो येईपर्यंत एक राहिलेलं सांगते. तू जायच्या आधीच्या पावसाळ्यात, रविवारी, घरी दहा माणसं जेवायला आणि माझ्या कुकरची रिंग फाटली. मी तुला फोन केला होता, आठवतं? तू म्हणालीस, "घाबरती कशाला? खिळ्यावरची हाय ना, ती लाव." मी म्हणाले, "हो, आहे." दहा मिनिटांनी तूच पुन्हा फोन केलास, "बसली का?" मी म्हणाले, "बसली." तू म्हणालीस, "मंग झालं." तुझा आवाज इतका समाधानी होता. भात मी बाहेरून मागवला होता. आई, खिळ्यावर रिंग नव्हती. आमच्याकडे तर खिळाच नव्हता.